गल्ल्यावरचा मोबाईल

पेणच्या बाजारपेठेत किंवा रोह्याच्या मुख्य रस्त्यावर सायंकाळी एखाद्या किराणा, कापड वा भांड्यांच्या दुकानात डोकावले, तर गल्ल्यामागे भगवंतांची तसबीर असते, पुढे क्यूआर कोडची पाटी असते आणि या दोहोंच्या मधे पुष्कळदा घरातील चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी बसलेली असते. क्लास सुटला की दप्तर आत ठेवून मूल थोडा वेळ गल्ल्यावर बसते, ही आपल्या घरांची जुनीच रीत. पूर्वी वडील विचारीत, “सुट्टे किती उरले?” आता विचारतात, “बघ रे, पैसे आले का?” आणि मुलगा मोबाईलवरून मान वर न करता म्हणतो, “आले, पप्पा.”

किशोरवयीनांच्या मोबाईल-वापराविषयी जे उपदेशपर लेखन वाचावयास मिळते, ते बहुधा नोकरदार घर डोळ्यांपुढे ठेवून केलेले असते. तेथे मोबाईल म्हणजे करमणूक आणि अभ्यास, असे दोनच कप्पे असतात. व्यापारी घरात तिसरा कप्पा असतो, आणि तोच सर्वांत मोठा असतो. गणेशोत्सवाआधीच्या महिन्यांत पेणमध्ये, हमरापूर-जोहे भागांतील कारखान्यांत मूर्तींची लगबग असते, तेव्हा रंग, कापड, खोकी, सुतळी यांची मागणी व्हॉट्सअॅपवर येते. रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीला माल पुरविणाऱ्याला दरपत्रक ई-मेलने धाडावे लागते आणि ई-वे बिल काढावे लागते. ही कामे घरात कोणाला चटकन जमतात? नववी-दहावीतल्या मुलाला. आजोबांना जे येत नाही आणि पप्पांना ज्याचा कंटाळा आहे, ते सारे त्याच्याकडे येते. “मोबाईल देऊच नका” हा सल्ला म्हणूनच आपल्या घरात टिकत नाही. सकाळी मुलाच्या हातून काढून घेतलेला मोबाईल दुपारी आपणच त्याच्या हाती देतो : “जरा हे बिल पाठव.”

यातील विसंगती लहान नाही. तिजोरीची किल्ली पंधरा वर्षांच्या मुलाजवळ राहू देणारा व्यापारी आजही विरळा. पण दुकानाच्या मोबाईलचा पासवर्ड, यूपीआयचा पिन, बँकेचे ओटीपी ज्या क्रमांकावर येतात ते सिमकार्ड, हे सारे त्याच मुलाच्या हाती असते. किल्ली देताना आपण दोन शब्द सांगतो. येथे कोणी काही सांगितलेले नसते, कारण मुलालाच आपल्यापेक्षा अधिक कळते असा आपला समज असतो. त्याला यंत्र कळते, हे खरे. माणूस कळण्याचे त्याचे वय अजून व्हायचे असते, आणि फसवणूक माणूस करतो.

‘असर’ या संस्थेच्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. पाहणीआधीच्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासासाठी केलेली मुले ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी केलेली ७६ टक्के. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेल्या मुलग्यांचे प्रमाण सुमारे ३६ टक्के, मुलींचे सुमारे २७. या शेवटच्या आकड्याकडे पुढे पुन्हा वळू.

पैशाचा दरवाजा

आपल्या घरांतील किशोरांवर येणारे संकट बहुधा पैशाच्या दरवाजाने येते, म्हणून आधी त्याचाच विचार.

सर्वांत साधा प्रकार बनावट पावतीचा. ग्राहक गर्दीच्या वेळी येतो, माल घेतो, ‘पैसे पाठवले’ म्हणून आपल्या मोबाईलवरचा हिरवा टिळा दाखवितो. तसा हिरवा टिळा दाखविणारी खोटी अॅप मिळतात. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला एकच शिस्त लावावी : ग्राहकाच्या पडद्यावर विश्वास नाही, आपल्या बँकेच्या नोंदीवर. दुसरी गोष्टही तितकीच साधी आहे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. “तुमचे पैसे परत येत आहेत, पिन टाका,” असे सांगणारा फोन आला, की तो तेथेच ठेवून द्यावा.

दुकानाचा पिन मुलाला देण्याची गरजही आता राहिलेली नाही. यूपीआयमध्ये २०२४ पासून ‘यूपीआय सर्कल’ नावाची सोय आली आहे. तीत वडिलांच्या खात्यातून मुलाला मर्यादित रक्कम खर्च करण्याची मुभा देता येते, ती एका व्यवहारास ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत. किंवा प्रत्येक व्यवहाराला वडिलांची संमती लागेल, अशीही रचना करता येते. जुन्या पेढीवर मुनीमजींना जशी हातखर्चाची थैली वेगळी दिली जाई, तसेच हे. व्यापाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. तरी अनेक दुकानांत अजून एकच फोन, एकच पिन आणि तो घरातील पाच जणांना पाठ, अशी अवस्था असते.

याहून गंभीर प्रकार खाते ‘भाड्याने’ देण्याचा. महाविद्यालयात गेलेल्या मुलाला कोणी मित्र किंवा मित्राचा मित्र सांगतो, “तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव, दोन टक्के तुझे.” काही ठिकाणी खात्याचे किट आणि सिमकार्डच हातोहात घेतले जाते. फसवणुकीचा पैसा फिरविण्यासाठी अशी खाती वापरतात. ज्याचा पैसा गेला तो तक्रार करतो, पोलीस पैशाच्या मागावर निघतात आणि ज्याच्या नावावर खाते आहे त्याच्या दारात येतात. ते पोलीस पुष्कळदा दुसऱ्या राज्यातील असतात. खाते गोठते, आणि त्यातून पेढीच्या खात्यात काही रक्कम वळली असेल तर त्या खात्यावरही बालंट येऊ शकते. दहा वर्षांवरील अल्पवयीनांना बँकेच्या धोरणानुसार स्वतःचे बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केली आहे. मुभा चांगली आहे, मुले व्यवहार शिकतील. पण खाते उघडून देताना ही एक गोष्ट त्यांना सांगितलीच पाहिजे. पेणमधील कुटुंबांना अडकलेल्या पैशाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा स्वतःच्याच ठेवीसाठी रांगेत उभे राहिलेले वडीलधारे घराघरांत आहेत. त्यांनीच ती हकीकत नातवंडांना सांगावी.

मग येतो जुगार. आपल्याकडे सप्तव्यसनांची गणना द्यूतापासून सुरू होते, आणि ती सहज तशी सुरू होत नाही. पुढच्या व्यसनांना लागणारा पैसा आणि लपवाछपवी तेथूनच येते. ‘कौशल्याचा खेळ’, ‘फँटसी’ अशी नावे देऊन हे द्यूत काही वर्षे क्रिकेटच्या जाहिरातींतून उजळ माथ्याने फिरले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. नामांकित अॅपनी त्यानंतर पैशाचे खेळ बंद केले. पण टेलिग्रामवरच्या टोळ्या आणि परदेशातून चालणारी सट्ट्याची संकेतस्थळे कायद्याच्या भीतीने लगेच जात नाहीत, आणि आता तेथे गेलेल्या मुलाला दाद मागायलाही जागा उरलेली नाही.

व्यापारी घरात द्यूताचे आणखी एक रूप शिरते, आणि त्याला आपण द्यूत म्हणत नाही. मुलगा मोबाईलवर ‘ट्रेडिंग’ शिकतो. रील्समध्ये विशीतला कोणी महागड्या गाडीला टेकून सांगतो, की दुकानात दिवसभर बसणे मूर्खपणाचे आहे, पंधरा मिनिटांत ऑप्शनमध्ये त्याहून अधिक मिळते. घरातील मोठ्यांना कौतुक वाटते. बाजाराची आवड रक्तातच आहे म्हणतात. अल्पवयीनाला वायदे व्यवहार करता येत नाहीत, म्हणून तो पप्पांच्या डिमॅट खात्यातून करतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअरच्या वायदे व पर्याय व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. ज्या धंद्यात शंभरातील त्र्याण्णव बुडतात, त्यासाठी आपण कोणा जावयाला तरी भांडवल देऊ का? मुलाला आवड असेल तर त्याला कंपनीचा ताळेबंद वाचावयास बसवावे. ताळेबंद पंधरा मिनिटांत वाचून होत नाही, हेच त्या शिक्षणाचे पहिले फळ.

जे घरी सांगता येत नाही

आता जे लिहावयाचे आहे, ते या मासिकाच्या पानांवर सहसा येत नाही. तरीही लिहिले पाहिजे.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला इन्स्टाग्रामवर एखाद्या अनोळखी मुलीचा मैत्रीसाठी संदेश येतो. चार दिवस गोड बोलणे, पाचव्या दिवशी व्हिडिओ कॉल. तो कॉल तिकडे रेकॉर्ड होतो. दहा मिनिटांत मुलाच्याच मित्रांची, मामाची, वर्गशिक्षकांची यादी त्याला पाठविली जाते : पैसे पाठव, नाहीतर हे सर्वांना जाईल. मुलीच्या बाबतीत कधी कॉलची गरजही पडत नाही. संघाच्या कार्यक्रमातील तिचे साधे छायाचित्र घेऊन संगणकाकडून अश्लील चित्र बनविले जाते आणि धमकी तीच असते. पलीकडे असते ती पैशासाठी हे काम रोज करणारी टोळी. आपल्या मुलाशी तिचे वैर नसते आणि त्याची दयाही तिला येत नाही. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. मुलगा आधी साठविलेले देतो, मग गल्ल्यातून घेतो, मग मित्रांकडून, मग कर्ज देणाऱ्या अॅपकडून. कर्जाच्या अॅपला फोनमधील सर्व क्रमांक दिसतात, आणि तेथून धमक्यांचा दुसरा फेरा सुरू होतो.

या साऱ्यात घरच्यांना सर्वांत शेवटी कळते. देशात अनेक मुलांनी या भीतीने जीव दिला आहे. ते पाऊल फसवणुकीच्या रकमेमुळे उचलले गेले, असे म्हणता येणार नाही. ते घरी कळेल या भीतीने उचलले गेले.

म्हणून किशोरवयीन मुलाच्या मोबाईल-सुरक्षेचा सारा प्रश्न मला एका वाक्यात दिसतो. मूल संकटात सापडले, तर पहिल्या तासात आपल्याकडे येईल का? येणार असेल तर बाकीच्या उणिवा भरून निघतात. येणार नसेल तर महागातले महाग नियंत्रण-अॅपही कुचकामी आहे.

आणि येथे जैन घराजवळ एक अशी पद्धत आहे, जी इतरांना नव्याने शोधावी लागेल : आलोचना. श्रावक गुरूंसमोर आपली चूक जशी घडली तशी, काही न लपविता मांडतो. गुरू ऐकून घेतात. रागावणे, दूषण देणे हा त्या विधीचा भागच नाही. वय, शक्ती आणि परिस्थिती पाहून प्रायश्चित्त देतात. बालकाला आणि प्रौढाला एकच माप लावीत नाहीत. आलोचना ऐकणाऱ्याच्या ठायी जे गुण शास्त्राने मागितले आहेत, त्यांत एक ‘अपरिस्रावी’ असा आहे. ज्यातून काही झिरपत नाही असे भांडे, तसा तो असावा. कानी पडलेले बाहेर जाऊ नये. आता स्वतःस विचारावे. मुलाने सांगितलेली गोष्ट आपल्या घरात त्या रात्री आत्याला, दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात आणि रविवारी मंडळाच्या सभेत पोहोचत नाही ना? ज्या घराचे भांडे झिरपते, तेथे मूल बोलत नाही. “समाजात काय म्हणतील”, “सोयरीक जमायची आहे” ही वाक्ये जेवणाच्या ताटावर वारंवार ऐकलेल्या मुलीला तिच्या संकटाची किंमत आधीच कळलेली असते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. वर दिलेल्या पाहणीत फोन बाळगणाऱ्या मुली मुलांहून कमी आहेत. आपल्या घरांत तो फोन अनेकदा ‘तक्रार आली तर काढून घेऊ’ या अटीवर दिलेला असतो. अशी अट घालणारा पालक मुलीला नकळत हेच शिकवितो, की तक्रार करू नकोस. कोणी तिला त्रास दिला आणि शिक्षा तिच्या फोनला झाली, तर पुढच्या वेळी ती सांगेल कशाला? अट उलटी असावी : सांगितलेस तर फोन जाणार नाही.

मूल येऊन बोलले, तर काय करावे हे आधी ठाऊक असू द्यावे. त्या क्षणी बुद्धी चालत नाही. पैसे देऊ नयेत. रागाने फोन फोडू नये, संदेश पुसू नयेत. तोच पुरावा असतो. पडद्याची छायाचित्रे काढावीत, त्या व्यक्तीचे खाते नाव आणि क्रमांक लिहून ठेवावेत, मग तिला रोखावे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसा थोपविण्याची शक्यता अधिक, म्हणून “उद्या वकिलांना विचारू” म्हणू नये. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या करता येते. अठरा वर्षांखालील मुलांची आक्षेपार्ह चित्रे पसरू नयेत यासाठी ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा आहे. तीत चित्र कोठेही पाठवावे लागत नाही. आपल्याच फोनवर त्या चित्राची एक सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी समाजमाध्यमे तिच्या आधारे ते चित्र रोखतात. अल्पवयीनाची अशी चित्रे बनविणे, बाळगणे, पसरविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. पोक्सो कायद्यानुसार बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, त्यामुळे नाव वर्तमानपत्रात येईल या भीतीने तक्रार टाळण्याचे कारण नाही. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. मन खचले असेल तर १४४१६ वर ‘टेली मानस’चे समुपदेशक मराठीतही बोलतात.

सायरन, ई-उपवास आणि चौदा नियम

संकटाचे एवढे झाले. उरतो तो रोजचा प्रश्न, वेळेचा.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. ऑगस्ट २०२२ पासून तेथे रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा सायरन वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद राहतात. साडेआठला पुन्हा सायरन होतो. त्या वेळात मुले अभ्यास करतात, मोठी माणसे बोलतात. लोक आधी हसले, मग रुळले. त्याच वर्षी मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात बेगमगंज येथे आपल्याच समाजातील सुमारे हजार जणांनी पर्युषणात चोवीस तासांचा ‘ई-उपवास’ केला आणि इंटरनेट व मोबाईलपासून ते दूर राहिले. दोन्ही प्रयोग स्तुत्य आहेत. माझा कल मात्र वडगावकडे अधिक झुकतो. उपवास एक दिवसाचा असतो आणि दुसऱ्या दिवशी पारणे असते. मोबाईलचे पारणे कसे होते, ते कोणी पाहावे! दीड तासाचा सायरन रोजचा आहे, आणि मुख्य म्हणजे तो सरपंचांपासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांना एकाच वेळी लागू आहे.

आपल्याकडे सायरन नाही, पण रोजच्या मर्यादेची पद्धत त्याहून सूक्ष्म आहे. श्रावक सकाळी चौदा नियम धारण करतो. आज किती द्रव्ये खाईन, किती वस्त्रे वापरीन, कोणत्या दिशेला किती दूर जाईन, कोणते वाहन. सायंकाळी तो ताळा घेतो आणि रात्रीसाठी पुन्हा धारतो. त्यात दोन गोष्टी फार शहाणपणाच्या आहेत. माप ज्याचे त्याने ठरवावयाचे असते, आणि ठरविलेल्याचा हिशेब त्याच दिवशी घ्यावयाचा असतो. पच्चक्खाण दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही; ज्याने हात जोडले त्याचेच ते होते. पप्पांनी गुपचूप बसविलेली वेळमर्यादा मुलगा दोन दिवसांत ओलांडतो आणि ती ओलांडण्याचा आनंदही मिळवितो. स्वतः लिहून ठेवलेला आकडा ओलांडताना त्याला निदान स्वतःकडे पाहावे लागते. फोनच्या सेटिंगमध्ये दिवसभरात कोणत्या अॅपवर किती मिनिटे गेली, ते लिहून येतेच. सायंकाळचा ताळा त्यामुळे सोपा झाला आहे. पाठशाळेतील मुलामुलींना आठवडाभर करून पाहावयास सांगावा.

किती वेळ योग्य, याचे ठरीव उत्तर नाही. दोन तास चित्रकला शिकणे आणि दोन तास बोट वर सरकवीत राहणे यांना एका मापाने मोजता येत नाही. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘दुःश्रुती’ आहे, मन कलुषित करणारे ऐकणे, आणि ‘प्रमादचर्या’ आहे, निष्प्रयोजन करीत राहणे. ज्यातून ना अर्थ साधतो ना धर्म, तरीही जे घडत राहते, ते अनर्थदंड. रील्सचा याहून नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही. मुलाला “किती वेळ झाला?” असे विचारण्याऐवजी “कशासाठी उघडला होता?” असे विचारले, तर पुष्कळदा त्याचे त्यालाच हसू येते.

एक नियम मात्र मी सर्व घरांना आग्रहाने सुचवीन, तो म्हणजे मोबाईलचा चौविहार. सूर्यास्ताचा नियम येथे चालणार नाही, दुकान नऊला बंद होते. दुकान वाढवून, जेवण आणि रोजमेळ आटोपला, की घरातील सर्व फोन बैठकीत एका जागी चार्जिंगला लागावेत आणि सकाळच्या नवकारसीपर्यंत तेथेच राहावेत. सर्व म्हणजे पप्पांचाही. बहुतेक घरांत ही योजना येथेच मोडते. रात्री अकराला गिऱ्हाईकाचा संदेश आला, तर? तर सकाळी उत्तर जाईल. तालुक्याच्या गावात रात्री अकराला कोणाचे गिऱ्हाईक पळाल्याचे ऐकिवात नाही. चौविहार आपल्या घरातून अजून गेला नाही, याचे कारण आजी तो स्वतः पाळते हेच आहे; आजीने रात्री जेवून नातवाला थांबविले असते, तर तो कधीच मोडला असता. आणि धमक्यांचे ते कॉल बहुधा रात्री, बंद खोलीत येतात, हेही ध्यानी असावे.

या सर्वांस मुदत आहे. दहावीनंतर आपली मुले पनवेल, मुंबई, पुण्याकडे जातात. कोणी रोज रोह्याहून रेल्वेने, कोणी वसतिगृहात. गाडीतल्या त्या दोन-अडीच तासांत त्याच्या हातात फोन असतो आणि आपला डोळा नसतो. म्हणजे तेरा ते सोळा एवढीच वर्षे हाती आहेत. त्या काळात माप त्याचे स्वतःचे झाले, तर ते गाडीत त्याच्यासोबत जाईल. कायदेही मदतीस येत आहेत. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अठराखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होतील. इन्स्टाग्रामने किशोरांची खाती आपोआप खासगी ठेवणारी व्यवस्था २०२५ मध्ये भारतात आणली. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळाखालील मुलांना समाजमाध्यमे बंदच केली. पण खोटे वय टाकावयास किती वेळ लागतो, हे मुलांना आपल्याहून चांगले ठाऊक आहे.

मोठ्यांनीही आपल्याकडे पाहावे. एखाद्या बालकाने अठ्ठाई केली, की त्याचे छायाचित्र, पूर्ण नाव, शाळा, वडिलांची पेढी आणि गाव यांसह डझनभर गटांत फिरते. अनुमोदनेचा भाव निर्मळ असतो, पण वर सांगितलेल्या टोळ्यांना याहून व्यवस्थित माहिती कोणती हवी? बालतपस्व्याचे नुसते पहिले नाव आणि गाव लिहिले, तरी अनुमोदना कमी होत नाही. संघाच्या गटात सकाळपासून पडणारी फुले, सुविचार आणि शहानिशा न केलेली भाकिते यांना अनर्थदंड म्हणावे की नाही, ते वाचकांनी ठरवावे.

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षी सर्व जैन पंथांना मान्य होईल असा एक ग्रंथ व्हावा, हा आग्रह विनोबांचाच. त्यातून १९७४ साली दिल्लीत संगीती भरली आणि ७५६ गाथांचे ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले. दिगंबर, मूर्तिपूजक, स्थानकवासी, तेरापंथी एका पानावर आले. आपल्या दोन गावांतील संघांना तितके मोठे काम करावयाचे नाही. या पर्युषणात साऱ्या पंथांतील किशोर-किशोरींना एका दुपारी एकत्र बसवावे. सायबर पोलीस ठाण्यातील एखाद्या अधिकाऱ्याला बोलवावे. पालकांना शेजारच्या दालनात बसवावे, म्हणजे मुले मोकळेपणाने विचारतील. आणि प्रत्येक संघाने एक दादा आणि एक ताई नेमावी, पंचविशीतली, अपरिस्रावी, जिच्याकडे मूल घरी सांगण्याआधी जाऊ शकेल.

घरी करावयाचे काम एका पानाचे आहे. दिवाळीला चोपडापूजनाची नवी वही आपण आणतोच. तिच्या शेवटच्या पानावर मुलाच्या हाताने लिहून घ्यावे, की दुकानाच्या फोनचा पिन कोणाकडे, मुलाला महिन्याची रक्कम किती, फोन रात्री किती वाजता बैठकीत येईल, काय घडले तर कोणाला सांगायचे. त्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात. त्यांत मुलाने पप्पांसाठी नियम लिहावा, आणि पप्पांनी सही करावी.